फवारणीचे कपडे वेगळे धुवा

भगिनींनो, फवारणी करून आलेल्या कारभाऱ्यांचे कपडे घरच्या धुण्यात, त्यातही बाळाच्या दुपट्यांबरोबर, कधीच टाकू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली. हे विष नाकातोंडातून जाते तसेच कातडीतूनही अंगात भिनते; मग कपडे चोळणारीचे हात कसे सुटतील? रबरी हातमोजे घाला. कपडे त्याच दिवशी आधी नुसत्या पाण्यातून काढा, मग गरम पाण्यात भरपूर धुण्याची पावडर घालून दोनदा धुवा आणि उन्हात वाळवा. नंतर बादलीही घासून घ्या. ते पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नका. पातळ न केलेले औषध सांडून भिजलेला सदरा मात्र टाकूनच द्यावा. जीवावर येते खरे, पण पोतेरे म्हणूनसुद्धा ठेवू नका.