ज्या तिघांना कळायला हवे होते

जून 1998. इंटेलिजन्स ब्युरोच्या (आयबी) संचालकांनी स्वतःच्या सहीने एक पत्र पाठवले. विषय होता नियंत्रण रेषेपलीकडे, कारगिलच्या समोरच्या भागात चाललेल्या हालचालींचा. प्रती पंतप्रधान, गृहमंत्री, कॅबिनेट सचिव, गृहसचिव आणि लष्कराचे मोहीम महासंचालक (डीजीएमओ) यांना गेल्या. यादी भारदस्त होती. पण परदेशी गुप्तवार्ता पाहणाऱ्या रॉचे प्रमुख, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता महासंचालक या तिघांची नावे तिच्यात नव्हती. पुढच्या वर्षीच्या कारगिल युद्धानंतर नेमलेल्या कारगिल आढावा समितीने विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की वरिष्ठांकडून प्रती खाली झिरपतील अशी अपेक्षा होती. सरकारी कचेरीत ज्याने आठवडाभर काम केले आहे, त्याला या अपेक्षेचे मोल ठाऊक असेल.

वगळलेल्या तिघांपैकी संयुक्त गुप्तवार्ता समितीचे, म्हणजे जेआयसीचे, काम हे तुकडे जुळवण्याचेच होते. रॉचा निरोप, आयबीचा निरोप, लष्कराचा निरोप एका टेबलावर मांडायचा आणि त्यांतून निघणारे चित्र सरकारपुढे ठेवायचे. नमुना ब्रिटिश, तिथली समिती 1936 सालची. आपली समिती आधी सेनाप्रमुखांच्या समितीखाली होती. चीन आणि पाकिस्तानशी युद्धे झाली आणि 1965 मध्ये ती कॅबिनेट सचिवालयात आली. ब्रिटननेही फॉकलंड युद्धानंतर हेच केले. फ्रँक्स समितीच्या अहवालानंतर अध्यक्षपद परराष्ट्र खात्याकडून काढून कॅबिनेट ऑफिसकडे दिले. हे फेरबदल युद्धानंतरच का सुचतात, हा वेगळ्या लेखाचा विषय.

कारगिल समितीचे अध्यक्ष के. सुब्रह्मण्यम स्वतः कधीकाळी जेआयसीचे अध्यक्ष होते, त्यामुळे दुखणे त्यांना आतून माहीत होते. यंत्रणा महत्त्वाची माहिती थेट वरच्यांना नेऊन देत आणि जेआयसीकडे उरलेसुरले येई. पंगत मांडलेली, पण पक्वान्ने आधीच आतल्या खोलीत वाढून झालेली! त्यात 1998-99 मध्ये जेआयसी नव्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयात विलीन झाली. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार पूर्णवेळ असावा, असेही आढावा समितीने सुचवले. तेव्हा ब्रजेश मिश्र ते पद पंतप्रधानांच्या प्रधान सचिवपदासोबत सांभाळत होते.

पुढे जेआयसी पुन्हा वेगळी झाली आणि 2018 मध्ये पुन्हा त्याच सचिवालयात गेली. त्याच वर्षी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेला साहाय्य करणाऱ्या 'स्ट्रॅटेजिक पॉलिसी ग्रुप'चे अध्यक्षपद कॅबिनेट सचिवांकडून राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांकडे आले आणि कॅबिनेट सचिव त्या गटाचे सदस्य झाले. दिल्लीच्या मानापमानाच्या उतरंडीत ही लहान गोष्ट नव्हे.

पण माझ्या मते खरा बदल खुर्च्यांच्या अदलाबदलीतून नव्हे, मुंबईवरील हल्ल्यानंतरच्या एका आदेशातून झाला. कारगिलनंतर आयबीत मल्टी एजन्सी सेंटर, म्हणजे 'मॅक', सुरू झाले होते. तरी 26 नोव्हेंबर 2008 आधीचे सागरी हल्ल्याचे इशारे उपयोगी पडले नाहीत. राज्याने नेमलेल्या राम प्रधान समितीने मंत्रालयाच्या पातळीवर हे इशारे हाताळण्यात झालेल्या गोंधळावर बोट ठेवले. इथे कागद पोहोचला होता. त्याचे करायचे काय, हे कुणी ठरवले नाही. 31 डिसेंबर 2008 च्या आदेशाने मॅकला माहिती गोळा करणे आणि संबंधित यंत्रणांना, राज्यांनाही, ती देणे बंधनकारक झाले. सदस्य यंत्रणांचे प्रतिनिधी रोज भेटू लागले. राज्याराज्यांत उपकेंद्रे आली.

सदस्य कोण, यापेक्षा सदस्याने काय दिलेच पाहिजे हे लिहून ठेवणे मला मोठे वाटते. पण तेही आदेशानेच झाले. आयबी आणि रॉ संसदेच्या कोणत्याही कायद्याने स्थापन झालेल्या नाहीत. त्यांना कायद्याच्या चौकटीत आणू पाहणारे खासगी विधेयक मनीष तिवारी यांनी 2011 मध्ये लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.