कुंडलिकेच्या दोन काठांवरचं जालना

जालन्यातून आधी रस्त्याने नुसताच गेलो होतो. या वेळी पायी फिरलो. कुंडलिका नदी शहराचे दोन भाग करते: रेल्वे स्टेशनकडचा जुना जालना, पलीकडचा नवा जालना.

गांधी चमन जुन्या भागात. तिथून नदी ओलांडली की गर्दीचा सूरच बदलतो. सदर बाजार, सराफा, बडी सडक. दुकानांच्या पाट्यांवर मराठी, हिंदी, उर्दू शेजारी-शेजारी, आणि बोलण्यातही हीच मिसळ. 'जालना सोने का पालना' ही म्हण इथल्या बाजारपेठेमुळेच पडली असावी, असं सराफ्यात उभं राहिलं की पटतं.

मला सगळ्यात आवडली ती काळी मशीद. मलिक अंबरच्या काळातला इथला कारभारी जमशेदखान याने ती बांधली, आणि मोती तलावही त्याचाच. तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात खेळवलं होतं म्हणे! चारशे वर्षांपूर्वी! आजच्या जालनेकरांसमोर हे फार मोठ्याने बोलू नका, नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते ऐकत बसावं लागेल.

औद्योगिक वसाहतीकडे वळलात तर चित्र पार वेगळं. पोलादाच्या भट्ट्या, सळयांनी लादलेले ट्रक, बियाण्यांच्या कंपन्या. त्यांतली महिको १९६४ साली इथेच सुरू झाली.

जायचंच असेल तर धुळवडीला जा. हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते, गुलालात रस्ते ओळखू येत नाहीत.