तेलाच्या भरवशावरील सुकाणू

मोटार हाकणाऱ्याच्या हातातील चाक आणि रस्त्यावरील चाक यांना लोखंडी दांड्यांनी एकत्र जोडलेले असते, असे आपण गृहीतच धरतो. परंतु काही वाहनांत या दोहोंमध्ये तेलाच्या दोन नळ्यांवाचून दुसरा दुवाच नसतो. शेतातील मोठी कापणीयंत्रे, गोदामांतील फोर्कलिफ्ट आणि माती उचलणारी अवजड यंत्रे यांत ही व्यवस्था रूढ आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रुबिकॉनची वाट किंवा उटा राज्यातील मोआबचे खडक चढण्यासाठी हौशी लोक ज्या जीपगाड्या सिद्ध करतात, त्यांपैकी कित्येकांत तीच बसविलेली आढळते. अशी गाडी डोंगर उतरून हमरस्त्याला लागली, म्हणजे मात्र खरा प्रश्न उभा राहतो.

प्रथम तिची रचना पाहू. नेहमीच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये तेलाचा दाब केवळ मदतनीस असतो. इंजिन बंद पडले तरी दांडे शाबूत असतात, सुकाणू फक्त जड होते. संपूर्ण हायड्रॉलिक पद्धतीत हे दांडे काढून टाकलेले असतात. सुकाणूखालील झडप प्रत्येक फेऱ्यास ठराविक तेल मोजून सिलिंडरात पाठविते आणि सिलिंडरातील दट्ट्या चाके वळवितो. झडप एका फेऱ्यात १०० घन सेंटिमीटर तेल देत असेल आणि दट्ट्याच्या संपूर्ण हालचालीस ४०० लागत असतील, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुकाणूचे चार फेरे होतात. खडकांत हिचे गुण उघड आहेत. आस कितीही वर-खाली झाला तरी नळ्या लवतात, अवजड टायर सहज वळतात आणि दगडाचा हिसका चालकाच्या हातापर्यंत पोहोचत नाही.

हाच गुण वेगवान रस्त्यावर दोष ठरतो. साधी मोटार वळण संपताच आपण होऊन सरळ होऊ लागते. तिची चाके चालकाच्या तळहाताशी जणू बोलत असतात. या पद्धतीत बहुधा ते संभाषण तुटते. चाके वळविलेल्या जागीच राहतात, आणि झडपेतून किंचित तेल निसटत गेल्याने सुकाणूची मधली खूणही हळूहळू सरकते. चालकास सतत दुरुस्ती करीत राहावे लागते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पंप थांबला तर अनेक झडपा हातपंपासारखे काम देतात व मोठ्या कष्टाने का होईना, गाडी वळते. पण चाकाकडे जाणारी नळीच फुटली, तर सुकाणू नुसते गरगर फिरते. खडकावर मनुष्याच्या चालीने सरकणारी गाडी अशा वेळी थांबविता येते. ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीला तेवढी उसंत नसते, आणि समोरून येणाऱ्या निरपराध माणसाला तर मुळीच नसते.

यावर मध्यम मार्ग आहे. दांडे तसेच ठेवून जोडीला साहाय्यक सिलिंडर बसविला, तर बळही मिळते आणि तेल गेले तरी दुवा टिकतो. मात्र आपल्या देशात मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे फेरफार मालकास मनास येईल तसे करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले.

डोंगरातील साहस ज्याचे त्याने करावे. रस्ता मात्र सर्वांचा आहे.