अब्बांच्या डब्यातल्या अर्ध्या गोळ्या

शाबानच्या अखेरीस घर आवरताना अब्बांच्या उशाजवळच्या बिस्किटांच्या डब्यात अर्ध्या मोडलेल्या गोळ्या सापडल्या. शुगरच्या, बीपीच्या. विचारलं तर म्हणाले, "अर्धीनं भागतंय रे. पोरांची फी भरायची आहे ना तुम्हाला?"

आम्हा भावंडांना काय बोलावं सुचेना. डॉक्टरांची फी आम्ही देत होतो, गोळ्या मात्र अब्बा स्वतःच्या पेन्शनमधून आणत. आणि आम्ही समजत होतो की आयुष्मान कार्ड काढलं, काळजी मिटली. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना या कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात खरे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. किराण्यासारख्या दरमहा लागणाऱ्या गोळ्या त्यात येत नाहीत.

डबाच उचलून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. अब्बांची शुगरची गोळी हळूहळू विरघळणारी होती; पाकिटावर एसआर लिहिलेलं असतं. ती चुरडली किंवा नको तशी मोडली तर औषध एकदम अंगात उतरतं. पण खरा घोळ वेगळाच निघाला. दोन डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या नावांनी अ‍ॅम्लोडिपिनच दिलं होतं, एकदा एकटं, एकदा टेल्मिसार्टनसोबत. त्यानं पाय सुजले, म्हणून तिसऱ्यानं लघवी वाढवणारी गोळी लिहिली! तिघांचे कागद एकत्र कुणी पाहिलेच नव्हते. आम्हीही नाही.

दोन गोळ्या डॉक्टरांनी तिथेच बंद केल्या. (आपल्या मनानं बंद करू नका, हृदयाच्या काही गोळ्या अचानक सोडणं धोक्याचं असतं.) उरलेल्यांची मूळ नावं लिहून घेतली आणि जनऔषधी केंद्रात गेलो. बऱ्याच गोळ्या निम्म्याहून कमी किमतीत मिळाल्या. एक मिळाली नाही, ती नेहमीच्या दुकानातून घेतली.

रोज्यांचा विषय निघाला तेव्हा अब्बा अडून बसले. शुगरच्या दुसऱ्या गोळीनं, ग्लिमेपिराइडनं, उपाशीपोटी साखर फार खाली जाऊ शकते, त्यातून वय झालेलं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. आजाऱ्याला सवलत कुरआनातच आहे, हे मशिदीतल्या मौलानांनी समजावलं तेव्हा कुठे ते शांत झाले.

गोळ्यांचे पैसे आता आम्ही भावंडं वाटून देतो. फिदिया मात्र त्यांनी आम्हाला भरू दिला नाही. पेन्शनच्या नोटा दोनदा मोजून स्वतः देऊन आले.