चिंचोटी ते न्यूयॉर्क : अंतर, वेळ आणि पाच गैरसमज

वसई परिसरातल्या पुष्कळ घरांतली मुलं-नातवंडं आखातात, कॅनडात, अमेरिकेत आहेत. त्यांना भेटायला निघालेल्या आईवडिलांचा तिकिटावरच्या आकड्यांनी गोंधळ उडतो. म्हणून इथल्या चिंचोटीहून न्यूयॉर्कला जायचं आहे असं धरू आणि हे आकडे नीट समजून घेऊ.

गैरसमज १ : नकाशावरची सरळ रेघ म्हणजे सर्वांत जवळचा रस्ता.
वस्तुस्थिती : सपाट नकाशावर मुंबई-न्यूयॉर्क रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. ते अंतर भरतं सुमारे १४,२०० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा. तो रशिया, नॉर्वे, आइसलंडच्या बाजूने जातो आणि अंतर उरतं सुमारे १२,५०० किलोमीटर.

गैरसमज २ : विमान याच जवळच्या वाटेने जातं.
वस्तुस्थिती : वाट हवामानावर आणि देशांच्या परवानगीवर ठरते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला. असा वळसा इंधन आणि वेळ दोन्ही खातो.

गैरसमज ३ : जायला जितका वेळ, तितकाच यायला.
वस्तुस्थिती : साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. अमेरिकेहून परतताना ते पाठीशी असतात, म्हणून परतीला बहुधा तास-दीड तास कमी लागतो.

गैरसमज ४ : पोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा केली की प्रवासाचे तास मिळतात.
वस्तुस्थिती : तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. समजा, जानेवारीत मुंबईहून रात्री १:३० ला निघून त्याच तारखेला सकाळी ७ ला न्यूयॉर्कला पोचायचं आहे. हे साडेपाच तास वाटतात, पण न्यूयॉर्क तेव्हा साडेदहा तास मागे असतं. म्हणजे विमानात काढायचे तास १६. उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेनऊ तासांचा होतो.

गैरसमज ५ : विमानाचे तास म्हणजेच प्रवास.
वस्तुस्थिती : चिंचोटी नाक्यापासून मुंबई विमानतळ चाळीसेक किलोमीटर. वर्सोवा पूल, घोडबंदर आणि दहिसर इथे वाहतूक अडली तर या टप्प्यालाच दोन-अडीच तास लागू शकतात. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोचायचं, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि सामान. १६ तासांचं उड्डाण असेल तर घर ते घर सहज बावीस-तेवीस तास होतात.

मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी हा हिशेब निघण्यापूर्वीच डॉक्टरांना दाखवावा. दोन डोसांमधलं अंतर मधल्या खऱ्या तासांवर ठरतं, आणि त्यातले विमानाचे तास तिकिटावर बहुधा ‘एकूण प्रवासकाल’ म्हणून छापलेले असतात. मुलांनी तिकीट काढून दिलं की पहिल्यांदा तोच आकडा आईवडिलांना वाचून दाखवावा.