जुनी कॉमिक्स व स्वस्त कथामासिके यांचा संग्रह

अल्प किंमतीत विकण्यासाठी हलक्या कागदावर छापलेली आणि वाचून झाल्यावर टाकून दिली जातील या अपेक्षेने प्रसिद्ध केलेली चित्रकथापुस्तके (कॉमिक्स), कथामासिके, भयकथांची नियतकालिके व कागदी वेष्टनाची पुस्तके मिळविणे, त्यांची क्रमवार मांडणी करणे व ती जतन करणे, हा एक छंद. नाणी किंवा पोस्टाची तिकिटे यांच्या संग्रहाहून तो एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळा आहे. नाणे टिकावे अशाच हेतूने घडविले जाते. या साहित्याचे मुद्रण मात्र ते टिकेल असे गृहीत धरून झालेले नव्हते. त्यामुळे त्याची दुर्मिळता ही मुख्यतः नाशातून निर्माण झालेली आहे आणि त्याचा जो भाग उरला, तो बव्हंशी ग्रंथालयांमुळे नव्हे, तर खाजगी संग्राहकांमुळे उरला. या छंदाचा सर्वाधिक विस्तार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला.

संग्राह्य प्रकार : यांतील सर्वांत जुना प्रकार ‘पल्प’ मासिकांचा. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या खरबरीत कागदावर ती छापली जात, यावरून हे नाव पडले. फ्रँक मन्सी याने १८९६ मध्ये आर्‌गसी हे आपले मासिक केवळ कथांना वाहिलेले केले व ते या कागदावर छापण्यास प्रारंभ केला. मार्च १९२३ मध्ये सुरू झालेले विअर्ड टेल्स हे अद्‌भुत व भयकथांचे, तर एप्रिल १९२६ मधील अमेझिंग स्टोरीज हे विज्ञानकथांचे मासिक होय. एच्. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याच्या अनेक कथा प्रथम विअर्ड टेल्समध्येच आल्या. त्याच्या हयातीत त्या फारशा ग्रंथरूप झाल्या नाहीत. त्यामुळे या मासिकाचे जुने अंक हे त्याच्या वाङ्‌मयाचे मूळ साधन ठरले. मार्गारेट ब्रंडेज (१९००–७६) या चित्रकर्तीची मुखपृष्ठे असलेल्या अंकांना विशेष मागणी असते.

वृत्तपत्रांतील चित्रमालिकांचे पुनर्मुद्रण करणाऱ्या पुस्तिकांतून कॉमिक्सचा उगम झाला. १९३४ मध्ये फेमस फनीज हे नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागले. ॲक्शन कॉमिक्सच्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात जेरी सीगल (१९१४–९६) व जो शूस्टर (१९१४–९२) यांचा ‘सुपरमॅन’ अवतरला. पुढील वर्षी डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या २७ व्या अंकात ‘बॅटमॅन’ आला. दोन्हींची किंमत दहा सेंट होती.

कागदी वेष्टनाची पुस्तके म्हणजे पेपरबॅक. इंग्लंडमध्ये ॲलन लेन (१९०२–७०) याने १९३५ मध्ये सहा पेन्स किंमतीची पेंग्विन पुस्तके काढली. अमेरिकेत १९३९ मध्ये पॉकेट बुक्स या संस्थेची पंचवीस सेंटची पुस्तके निघाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांसाठी १९४३–४७ या काळात सु. १,३०० पुस्तकांच्या बारा कोटींहून अधिक प्रती छापून वाटण्यात आल्या. १९५० पासून काही प्रकाशकांनी पूर्वी कोठेही प्रसिद्ध न झालेल्या कादंबऱ्या थेट या स्वरूपात काढल्या. विल्यम बरोज याचे जंकी हे पहिले पुस्तक १९५३ मध्ये अशाच एका स्वस्त मालेत, टोपणनावाने व दुसऱ्या एका पुस्तकाला पाठीस पाठ लावून प्रसिद्ध झाले. अशा पुस्तकांची पहिली आवृत्ती हीच मुळात पेपरबॅक असल्याने अभ्यासकाला तिच्यावाचून गत्यंतर नसते.

दुर्मिळतेची कारणे : दुसऱ्या महायुद्धातील रद्दी-संकलनाच्या मोहिमांत मुलांनी आपली कॉमिक्स मोठ्या प्रमाणावर देऊन टाकली. विक्रेत्यांना न खपलेले अंक परत करण्याऐवजी केवळ मुखपृष्ठ अथवा त्याची वरची पट्टी फाडून पाठवावी लागे व उरलेला अंक नष्ट करणे अपेक्षित असे. ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकाच्या सु. दोन लाख प्रती छापण्यात आल्या होत्या, त्यांपैकी सु. शंभरच उरल्या असाव्यात, असा अंदाज आहे.

नैतिक कारणांवरूनही नाश झाला. कॉमिक्समुळे मुले बिघडतात या समजुतीने १९४८ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया व न्यूयॉर्क राज्यांतील काही गावी त्यांच्या जाहीर होळ्या करण्यात आल्या. फ्रेड्रिक वेर्थम (१८९५–१९८१) या मनोविकारतज्ञाच्या सिडक्शन ऑफ द इनोसंट (१९५४) या ग्रंथाने ही टीका तीव्र झाली. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे टेल्स फ्रॉम द क्रिप्ट आदी भयकथा-कॉमिक्सचा प्रकाशक विल्यम गेन्स (१९२२–९२) याची साक्ष झाली. त्यानंतर प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता स्वीकारली. तिच्यानुसार नियतकालिकाच्या नावात ‘हॉरर’ व ‘टेरर’ हे शब्द वापरण्यास, तसेच रक्तपिपासू पिशाचांच्या चित्रणास बंदी आली. ही संहिता क्रमाक्रमाने सैल होत २०११ मध्ये पूर्णपणे संपुष्टात आली. मोठ्या आकाराच्या कृष्णधवल मासिकांना ती लागू नव्हती. या सवलतीचा लाभ घेऊन जेम्स वॉरन याने क्रीपी (१९६४), ईरी व व्हँपिरेला (१९६९) ही मासिके काढली. भयपटांना वाहिलेले फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड हे त्याचे मासिक १९५८ पासूनच निघत होते. भयकथा-मासिकांच्या संग्राहकांत या मासिकांना अग्रस्थान आहे.

छंदाचा विकास : विज्ञानकथांच्या वाचकांनी १९३० च्या सुमारास परस्परांशी पत्रव्यवहार करून मंडळे स्थापन केली व हस्तमुद्रित पत्रिका काढल्या. याच धर्तीवर जेरी बेल्स (१९३३–२००६) याने १९६१ मध्ये ऑल्टर ईगो ही कॉमिक्सविषयक पत्रिका सुरू केली. १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे व १९७० मध्ये सॅन डिएगो येथे संग्राहकांची संमेलने भरली. जुन्या अंकांवर बहुधा लेखक-चित्रकारांची नावे नसत. ती शैलीवरून ओळखून, जुन्या कलावंतांना पत्रे लिहून निश्चित करण्याचे कष्टाचे काम प्रथम या हौशी मंडळींनी केले. आजच्या सूचींचा पाया त्यातून घातला गेला.

मूल्यमापन व बाजार : प्रतीचे मूल्य तिची दुर्मिळता, तिला असलेली मागणी व तिची अवस्था यांवर ठरते. मुखपृष्ठाची चकाकी, पाठीवरील सुरकुत्या, तारेच्या टाचणांचा गंज, पानांचा रंग, कात्रणांसाठी कापलेला मजकूर इ. गोष्टी तपासल्या जातात. रंग भरून किंवा फाटलेला भाग जोडून दुरुस्त केलेल्या प्रतीची किंमत सामान्यतः कमी होते. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट याची मूल्यसूची १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली व तिने बाजाराला एक समान माप दिले. २००० पासून प्रतीची तपासणी करून तिला दहापैकी गुण देण्याची व ती प्लॅस्टिकच्या बंद आवरणात ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकाची एक प्रत २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरना, तर दुसरी एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरना विकली गेली.

या किंमतींचा विपरीत परिणामही झाला. किंमत वाढेल या आशेने लोक नवे अंक साठवू लागले. १९९१ मध्ये एक्स-मेन या मालिकेच्या नव्या पहिल्या अंकाच्या सु. ८० लाख प्रती खपल्या. परंतु जे सर्वांनीच जपून ठेवले ते दुर्मिळ होऊ शकत नाही. परिणामी १९९३ नंतर हा बाजार कोसळला, अनेक दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल या प्रमुख प्रकाशनसंस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. बंद आवरणाविषयीही मतभेद आहेत. त्यामुळे प्रत हाताळणीपासून सुरक्षित राहते व व्यवहारातील फसवणूक टळते. तथापि आवरण फोडल्याशिवाय ती वाचता येत नाही आणि फोडल्यास तिचे प्रमाणन रद्द होते.

जतन : या साहित्याचा मुख्य शत्रू त्याच्या कागदातच असतो. लाकूड यांत्रिक रीतीने दळून केलेल्या लगद्यात लिग्निन हे द्रव्य राहते. प्रकाश व हवा यांच्या योगाने त्याचे ऑक्सिडीभवन होऊन कागद पिवळा पडतो. शाई फुटू नये म्हणून कागदाला तुरटी व राळ यांचा लेप देत. त्यातून निर्माण होणारे अम्ल सेल्युलोजाचे लांब तंतू तोडते व कागद ठिसूळ होतो. उष्णता व दमटपणा यांमुळे ही क्रिया वेगाने होते. म्हणून अंक थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात व अम्लरहित पुठ्ठ्याच्या आधाराने ठेवतात. पीव्हीसीची पाकिटे व चिकटपट्ट्या यांमुळे मात्र हानी होते. पेपरबॅकमध्ये पाठीचा सरस वाळून पाने सुटतात व मुखपृष्ठावरील चकचकीत पापुद्रा निघू लागतो. योग्य हवामानाचे महत्त्व कोलोरॅडो राज्यातील एका संग्रहावरून दिसून येते. एडगर चर्च या व्यावसायिक चित्रकाराने घरात रचून ठेवलेली सु. १८ ते २२ हजार कॉमिक्स १९७७ मध्ये विक्रीस आली. तेथील कोरड्या हवेमुळे चाळीस वर्षांपूर्वीचे अंकही जवळजवळ नव्यासारखे राहिले होते.

विद्यापीठांनी या साहित्याकडे उशिरा लक्ष दिले. बोलिंग ग्रीन, मिशिगन स्टेट व ओहायो स्टेट या विद्यापीठांत १९६९ नंतरच्या दशकात मोठे संग्रह उभे राहू लागले; त्यांत खाजगी संग्राहकांच्या देणग्यांचा वाटा मोठा आहे. मात्र असे हस्तांतर न झाल्यास संग्राहकाबरोबर संग्रहही विखुरतो. फेमस मॉन्स्टर्सचा संपादक फॉरेस्ट ॲकरमन (१९१६–२००८) याने लॉस अँजेल्समधील आपल्या घरी जमविलेला प्रचंड संग्रह अनेक वर्षे लोकांना विनामूल्य दाखविला. तथापि त्याच्या अखेरच्या काळात व मृत्यूनंतर तो तुकड्यातुकड्यांनी विकला गेला.

भारत : लीफॉक (ली फॉक, १९११–९९) याच्या ‘फँटम’ व ‘मँड्रेक’ या अमेरिकन चित्रमालिका टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्सद्वारा (१९६४–९०) मराठीसह अनेक भारतीय भाषांत आल्या. अनंत पै (१९२९–२०११) यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या अमर चित्र कथेचे आरंभीचे अंकही संग्राह्य मानले जातात. मराठीत बाबूराव अर्नाळकर (१९०६–९६) यांच्या एक हजाराहून अधिक रहस्यकथा व नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकादंबऱ्या हे या छंदाचे प्रमुख क्षेत्र होय. ही पुस्तके विकत घेण्यापेक्षा वाचनालयांतून आणून अधिक वाचली गेली. अनेक हातांतून गेल्याने ती झिजली. वाचनालयांत पुठ्ठ्याची बांधणी करताना पुष्कळदा मूळ रंगीत वेष्टन गेले आणि वाचनालये बंद पडल्यावर साठा रद्दीत निघाला. कोकण व मुंबईची दमट हवा, कसर व वाळवी यांनी उरलेल्या प्रतींचे नुकसान केले. त्यामुळे मराठी संग्राहकाला परिपूर्ण अवस्थेपेक्षा मुळात प्रत मिळणे हेच महत्त्वाचे वाटते. पदपथावरील जुन्या पुस्तकांची दुकाने व रद्दीवाले हे त्याचे मुख्य आधार आहेत.

महत्त्व : सामान्य वाचक काय वाचत होता, त्याला कशाचे भय वाटे व कशाचे आकर्षण होते, हे प्रतिष्ठित ग्रंथांपेक्षा या साहित्यातून अधिक स्पष्ट दिसते. जाहिराती, वाचकांची पत्रे व किंमती यांमुळे ते सामाजिक इतिहासाचेही साधन आहे. अमेरिकेत १९६४ पूर्वीच्या ज्या प्रकाशनांच्या स्वामित्वहक्काचे वेळेवर नूतनीकरण झाले नाही, त्यांच्या संगणकीय प्रतिमा आता सर्वांना खुल्या आहेत. अशा प्रतिमांमुळे मजकूर वाचतो. कागद, शाई व बांधणी यांचा पुरावा मात्र मूळ प्रतीतच राहतो. तो कागद अम्लामुळे झिजतच असल्याने, संग्राहकाच्या हाती असलेली प्रत ही कायमची ठेव नसून मुदतीची ठेव आहे आणि ती मुदत किती लांबवावयाची हे बऱ्याच अंशी त्याच्या काळजीवर अवलंबून असते.