डाव संपल्यावरचा अभ्यास : पोकरमध्ये आपलाच खेळ कसा तपासायचा?

रामवाडीत, म्हणजे पेणला लागूनच, पत्त्यांवर बोलायचं तर गणपतीपासून सुरुवात करावी लागते. पेणच्या मूर्ती परदेशातही जातात, आणि घरी गणपती बसले की कोकणात रात्रीच्या जागरणाला पत्त्यांचे डाव बसतात. मेंढीकोट, रमी, तीन पत्ती; आणि हल्ली शहरातून गावी आलेली काही मुलं पोकरही मांडतात. सकाळी विषय एकच असतो: रात्री कोण जिंकलं? आज मला एवढंच सांगायचं आहे की खेळ सुधारायचा असेल तर हा प्रश्न फारसा कामाचा नाही. कोणी काय ठरवलं आणि कशावरून ठरवलं, ते तपासायला हवं.

आधी बुद्धिबळाकडे बघा. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे महिला विश्वचषक जिंकली. तिच्या डावातली प्रत्येक चाल नोंदलेली आहे, ती आज कोणीही पुन्हा मांडून पाहू शकतो. बुद्धिबळात सगळं पटावर उघडं असतं. चूक झाली तर ती दाखवता येते.

पोकरमध्ये तसं नाही. प्रत्येकाला दोन बंद पानं मिळतात. टेबलावर आधी तीन, मग चौथं, मग पाचवं पान उघडतं आणि प्रत्येक टप्प्यावर पैज लागते. समोरच्याची पानं आपल्याला दिसत नाहीत. त्यामुळे चांगला निर्णय घेऊनही माणूस हरतो आणि चुकीचा निर्णय घेऊनही जिंकतो. आणि आपलं मन काय करतं? जिंकलो तर हुशारी, हरलो तर नशीब, असा हिशेब लावून मोकळं होतं.

एक उदाहरण घेऊ. पैशांऐवजी चिंचोके धरा. तुमच्या हातात बदामची दोन पानं आहेत. टेबलावरच्या चार पानांत आणखी दोन बदाम आहेत. पाचवं पान बदाम आलं की तुमचा कलर पूर्ण. मध्ये २०० चिंचोके आहेत, समोरच्याने १०० लावले. तुम्ही १०० टाकायचे का?

मोजू या. तुम्ही ६ पानं पाहिलीत, न पाहिलेली ४६ उरली. त्यांत बदाम ९. कलर लागला तर तुम्ही जिंकता, नाही लागला तर हरता, आणि नंतर कोणी काही लावत नाही असं धरू. अशी वेळ ४६ वेळा आली तर साधारण ९ वेळा तुम्हाला ३०० मिळतील, म्हणजे २,७००. बाकी ३७ वेळा १०० जातील, म्हणजे ३,७००. एकूण तूट १,०००. दर वेळी सुमारे २२ चिंचोके पाण्यात.

आता समजा त्या रात्री बदाम आलाच. सगळे टाळ्या वाजवतील, पण हिशेब बदलला का? नाही. मात्र एक प्रश्न खरा आहे: कलर लागल्यावर समोरच्याकडून आणखी काही निघालं असतं का? ती तूट भरायला त्या ९ वेळांत सरासरी १११ चिंचोके जास्त मिळायला हवेत. टेबलावर तीन बदाम दिसत असताना तो एवढे देईल का? आता तुम्ही खेळाचा अभ्यास करायला लागलात.

मग करायचं काय? एक साधी वही. जे डाव अडचणीचे वाटले तेवढेच लिहा: आपली पानं, आपण कितव्या नंबरला बोललो, मध्ये किती होतं, कोणी किती लावलं. त्या क्षणी समोरच्याकडे काय काय असू शकतं असं वाटलं, तेही लिहा. उघडलेली पानं कळल्यावर हा अंदाज आठवून लिहू नका, तो आपोआप शहाणा होतो. निकाल दुसऱ्या पानावर लिहा. चार दिवसांनी निकाल झाकून तोच डाव पुन्हा सोडवा. मित्राला विचारताना तर शेवट सांगूच नका, “तू काय केलं असतंस?” एवढंच विचारा.

यंत्रंही असंच शिकली. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा ‘लिब्रेटस’ हा प्रोग्रॅम जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला चार व्यावसायिक खेळाडूंशी १,२०,००० डाव खेळला आणि जिंकला. तो आधी स्वतःशीच खेळून शिकला होता: इथे दुसरं काही केलं असतं तर किती फायदा झाला असता, हे पुन्हा पुन्हा मोजून. स्पर्धेच्या काळातही, दिवसा माणसांनी त्याच्या खेळातल्या ज्या फटी शोधल्या, त्या तो रात्री बुजवायचा.

इथे आकडा लक्षात ठेवा. कोण सरस हे ठरवायला एक लाख वीस हजार डाव मांडले गेले. आपण जागरणाच्या एका रात्रीत शंभरेक डाव खेळतो आणि सकाळी स्वतःला उस्ताद समजतो. धोका आहे तो इथेच. चार रात्री पानं चांगली पडली, की माणसाला वाटतं आता पैसे लावावेत. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली, खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. राहिल्या पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी. तिथे पोकर चालवणारा स्वतःचा वाटा काढून घेतो. म्हणजे सगळे सारख्याच ताकदीचे असले, तरी टेबलावरचे सगळे मिळून तोट्यातच उठतात.

म्हणून वही प्रामाणिक हवी. ती खेळ सुधारते, आणि आपण वाटतो तेवढे चांगले नाही, हेही वेळेत सांगते. हे दुसरं ऐकू आलं तर कदाचित घरातले पैसे वाचतील. येत्या गणपतीत चिंचोके घ्या, वही घ्या, आणि सकाळी कोण जिंकलं हे विचारण्याआधी एक डाव निकाल न सांगता मांडून बघा.

आता प्रश्न घेऊ.